वाघिणीचं दूध हवं, तर वाघिणीजवळ जावं लागतं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही सात-आठ जण चोर्ला घाटाकडं फिरायला गेलो होतो. परतताना कणकुंबीजवळ एका टपरीवर चहाला थांबलो. पाऊस धरूनच होता. तेवढ्यात केरळच्या नंबरप्लेटची एक गाडी थांबली आणि चार पोरं उतरली. आमच्याच वयाची. त्यांनी मोबाईलवर एका धबधब्याचा फोटो दाखवला आणि वाट विचारली. त्यांना कन्नड येत नव्हतं, मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. विचारलं ते इंग्रजीत.

आमच्यातला एक जण त्याच भागातला. त्या धबधब्याची वाट त्याला पाठ. वाटेत ओढा लागतो, वर डोंगरात पाऊस झाला की तो बघता बघता चढतो, हेही त्यालाच ठाऊक. एसएसएलसीला इंग्रजीत त्याला चांगले मार्क होते. पण तो जमिनीकडं बघायला लागला. शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "तू सांग की रे."

कुणीच बोलेना. गाडीची दारं परत लागायला लागली. तेव्हा आमच्यातला दुसरा एक जण पुढं झाला. हा दहावीला इंग्रजीतच अडकला होता. आता रोज पहाटे टेम्पोतून भाजी घेऊन गोव्याला जातो. त्यानं गाडीच्या काचेवर हात ठेवला आणि सरळ सांगितलं, "नो गो, सर! रेन अप. वॉटर कम फास्ट. यू फिनिश!"

ती पोरं आधी हसली. मग डोंगराकडं बघितलं, ढग बघितले, आणि गाडी वळवली.

परत येताना तो मार्कवाला मित्र म्हणाला, "मला सगळं येतंय रे, खरं तोंडातून बाहेर येत नाही."

मित्रांनो, आजचा हा लेख त्या एका वाक्यावर आहे. सीमाभागातल्या मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यातल्या किती जणांचं हे वाक्य आहे, ते ज्याचं त्यानं मनात मोजावं.

भीती इंग्रजीची नाही, चुकण्याची आहे

आता जरा आपल्या कन्नडचं बघा. आपल्यातल्या बहुतेकांना कामापुरतं कन्नड येतं. ते कुठं शिकलो? शाळेत धडे होते, पण जीभ वळली ती बसमध्ये, बाजारात, तालुक्याच्या कचेरीत. कंडक्टरला 'एष्टु' म्हणून विचारलं, भाजीवालीला 'सोल्प' कमी कर म्हटलं, अडलं तिथं 'गोत्तिल्ला' म्हणून मोकळे झालो. लिंग चुकलं, क्रियापद चुकलं, तरी कुणी वहीत लाल शाई मारली नाही. तिकीट मिळालं, स्टॉप आला, उतरलो. आपला विरोध कन्नडच्या सक्तीला आहे, भाषेला कधीच नव्हता. ती भाषा आपण चुकत चुकत, व्यवहारातनं उचलली.

इंग्रजी मात्र आपल्याला उलट्या टोकानं भेटली. आधी नियम, मग प्रश्नोत्तरं, मग परीक्षा. वर्गात उठून बोलायची वेळ वर्षातनं दोनदा. चुकलं की मागच्या बाकावरून हसू. दहा वर्षं इंग्रजी शिकून पोरगं एकच गोष्ट पक्की शिकतं: तोंड उघडलं की इज्जत जाते, म्हणून गप्प बसावं.

भाषा कशी अंगात मुरते, यावर अमेरिकेतले भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८२ सालच्या आपल्या पुस्तकात एक साधी कल्पना मांडली होती. माणूस घाबरलेला असला, कंटाळलेला असला, आपली फजिती होईल या धाकात असला, की त्याच्या मनात एक गाळणी तयार होते. समोर कितीही चांगली भाषा आली तरी ती गाळणीत अडकते, आत पोचत नाही. क्रॅशन यांच्या इतर मतांवर पुढं बरेच वाद झाले. पण भेदरलेलं पोरगं भाषा शिकत नाही, हे सांगायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. आपण त्याच बाकावर बसलो होतो.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. सीमाभागातल्या मराठी पोरांना इंग्रजी शिकवायची असेल, तर ती धाडसाच्या गोष्टींतनं शिकवा, आणि इंग्रजी बोलणं हेच एक धाडस आहे असं समजून शिकवा. आपल्या पोरांत धाडसाला तोटा नाही. डोंगर चढतात, तालमीत घुमतात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे चारला उठून धावतात. हे धाडस आणि इंग्रजीचा वर्ग यांची आजवर कुणी गाठच घालून दिलेली नाही.

हा प्रश्न नोकरीपुरता नाही

इंग्रजी म्हटलं की लगेच पुणे, हिंजवडी, पॅकेज अशी चर्चा सुरू होते. नोकरी महत्त्वाची आहेच. पण सीमाभागात राहणाऱ्या मराठी माणसाला इंग्रजी आणखी दोन कारणांसाठी लागते, आणि ती कारणं आपल्या हक्काशी जोडलेली आहेत.

पहिलं कारण कागदाचं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं सहावं कलम काढून वाचा. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत करायचा. म्हणजे बेळगावात किंवा खानापुरात राज्य सरकारच्या कचेरीकडं माहिती मागायची, तर कन्नड, हिंदी नाहीतर इंग्रजी. आपल्या मराठी शाळेला शिक्षक किती मंजूर आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, हे विचारणारा अर्ज लिहायला तुम्हाला यातली एक भाषा हातात हवी. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणं सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला, तोही इंग्रजीतच. ज्या १९६७ च्या महाजन अहवालाला आपण पिढ्यान्‌पिढ्या विरोध करत आलो, तो इंग्रजीत आहे. आपल्यातल्या किती जणांनी त्याचं एक तरी पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय? घोषणा आपण देतो आणि कागद दुसरा कुणीतरी वाचून आपल्याला सांगतो. हे आम्ही स्वतःलाच विचारतोय, कुणावर बोट ठेवत नाही.

दुसरं कारण मराठी शाळेचं. आपल्या मराठी शाळांचा पट का घसरतोय, हे गल्लीतल्या कुठल्याही आईला विचारा. तिचं मराठीशी भांडण नाही. ती म्हणते, "आमचं झालं ते झालं, पोराला तरी इंग्लिश येऊदे." मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटक सरकारविरुद्धच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की प्राथमिक शाळेचं माध्यम निवडायचा हक्क पालकांचा आहे, सरकार मातृभाषेचीसुद्धा सक्ती करू शकत नाही. आणि आपण तर सक्तीविरुद्ध लढणारी माणसं. १ जून १९८६ ला कन्नड सक्तीविरुद्ध आपल्या माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. मग त्या आईवर मराठी शाळेची सक्ती आपण कुठल्या तोंडानं करणार? गोव्यात २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा मराठी आणि कोकणीची माणसं रस्त्यावर उतरली. तो लढा अनुदानाचा होता, आणि योग्यच होता. पण पालक तिकडं का वळतात, हा प्रश्न अनुदानाच्या पलीकडचा आहे.

त्या आईला पटेल असं एकच उत्तर आहे. मराठी शाळेतलं पोरगं इंग्रजी बोलताना तिला दिसलं पाहिजे. इंग्रजी नीट शिकवली तरच मराठी शाळा वाचेल. ऐकायला उलटं वाटतं, पण आपल्या भागात आज तसंच आहे.

वाघिणीचं दूध

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते दूध प्यालं की माणूस गुरगुरायला लागतो, एवढंच आपण त्यातनं घेतलं. ते दूध आणायला वाघिणीजवळ जावं लागतं, हा भाग आपण सोडून दिला. दूध बाटलीत भरून, गाळून, मार्कांचं लेबल लावून मिळेल, अशी आपली समजूत. मग ते कुणाला पचत नाही, यात नवल काय?

सावित्रीबाई फुल्यांनीही १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकायचा आग्रह धरला होता. हे कोण सांगत होतं ते बघा. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला जाताना जिच्या अंगावर लोकांनी चिखल-शेण फेकलं, ती बाई. तिच्यासाठी शिकणं आणि शिकवणं हे रोजचं धाडस होतं. म्हणून धाडस म्हटलं की पोरांची ट्रेकिंगची टोळी एवढंच डोळ्यांसमोर आणू नका. आपल्या पोरींना गडावर जायलाच परवानगी नसते. चार लोकांत चुकीचं इंग्रजी बोलल्यावर पोरापेक्षा पोरीला जास्त हसतात. तिच्यासाठी उठून एक वाक्य बोलणं हाही एक गडच आहे. रेल्वेतून ढकलून दिल्यावर एक पाय गमावलेली अरुणिमा सिन्हा २०१३ साली एव्हरेस्टवर पोचली. तिची गोष्ट वर्गात वाचली, तर आमची खात्री आहे, सगळ्यात आधी हात वर होतील ते पोरींचे.

बंगळूरचा धडा

आता कुणी म्हणेल, गोष्टी आणि खेळ करून भाषा येते होय? तर ऐका. हा प्रयोग आधी झालाय, आणि तो झाला कर्नाटकाच्या राजधानीत. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू नावाच्या इंग्रजीच्या अभ्यासकानं बंगळूर आणि मद्रास परिसरातल्या साध्या शाळांत एक प्रकल्प चालवला. जगभर तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. भाषा शिकवण्याचं शास्त्र शिकणाऱ्यांना परदेशातसुद्धा तो अभ्यासावा लागतो. आपल्याला शेजारी राहून त्याचं नाव माहीत नसतं.

प्रभूंनी काय केलं? व्याकरणाचा तास बाजूला ठेवला. पोरांना कोडं घातलं. हा नकाशा, या गावाहून त्या गावाला जवळची वाट कुठली? हे रेल्वेचं वेळापत्रक, दुपारी अमुक वाजता पोचायचं तर कुठली गाडी धरशील? आधी शिक्षक पूर्ण वर्गाबरोबर तसलंच एक कोडं सोडवायचे, इंग्रजीत बोलत बोलत. मग पोरं आपापलं सोडवायची. मार्क कशाला? उत्तर बरोबर आलं का, त्याला. पोराचं सगळं लक्ष गाडी पकडण्यावर, आणि इंग्रजी बाजूनं गुपचूप आत शिरायची.

प्रकल्पाची तपासणी झाली तेव्हा निकाल एकतर्फी नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. वाक्यरचनेच्या ठरीव चाचणीत नेहमीच्या वर्गातली पोरं सरस ठरली. भाषा वापरून काम करायच्या चाचणीत प्रकल्पातली पोरं सरस ठरली. आता आपल्याला कुठलं इंग्रजी हवंय ते आपण ठरवायचं. कणकुंबीच्या टपरीवर उपयोगी पडतं ते, की उत्तरपत्रिकेत पडून राहतं ते?

शॅकल्टनचं जहाज, आपला वर्ग

धाडसाच्या गोष्टीत आणखी एक गंमत आहे. तिच्यात प्रत्येक वळणावर निर्णय घ्यावा लागतो. थांबायचं की पुढं जायचं? काय न्यायचं, काय टाकायचं? कुणाला मागं ठेवायचं? निर्णय म्हटला की 'असं केलं तर तसं होईल' हे आलंच. इंग्रजीतले 'इफ', 'मस्ट', 'शुड', 'बिकॉज' असे जे शब्द शिकवताना मास्तरांचा घाम निघतो, ते इथं आपोआप लागतात. काय घडलं ते सांगताना भूतकाळ आपसूक येतो. आणि पुढं काय झालं हे कळायची ओढ असली की पोरगं अडलेल्या शब्दावर थांबत नाही.

एक उदाहरण घेऊ. अर्नेस्ट शॅकल्टन हा दक्षिण ध्रुवाकडं गेलेला दर्यावर्दी. १९१५ च्या जानेवारीत त्याचं 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात अडकलं. जहाजावर २८ माणसं. महिनोन्‌महिने बर्फाच्या दाबानं जहाज चिरडत गेलं आणि नोव्हेंबरात बुडालं. बर्फावर उतरताना शॅकल्टननं हुकूम काढला: प्रत्येकानं स्वतःचं सामान दोन पौंडांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. म्हणजे किलोभरसुद्धा नाही. आधी त्यानं स्वतःजवळच्या सोन्याच्या वस्तू बर्फावर टाकून दिल्या. पण एका माणसाचा बॅन्जो मात्र त्यानं बरोबर घ्यायला लावला. वजनाला तो कितीतरी जास्त होता, तरीही.

एवढी गोष्ट मराठीत सांगा. हो, मराठीत. पाच मिनिटं. मग फळ्यावर एक प्रश्न लिहा, इंग्रजीत: तुझ्याकडं दोन पौंड आहेत, तू काय नेशील आणि का? प्रत्येकानं एकच वाक्य बोलायचं. कुणी आईचा फोटो म्हणेल, कुणी चाकू, कुणी मोबाईल. मोबाईल म्हणणाऱ्याला बाकीचे विचारतील, चार्ज कुठं करणार? हेही इंग्रजीत. आणि बॅन्जो का घेतला असेल? यावर अर्धा तास वाद होईल, बघा करून.

दुसऱ्या दिवशी पुढचा भाग. ही माणसं १९१६ च्या एप्रिलात होड्यांतून एलिफंट बेटावर पोचली. निर्जन बेट, कुणी शोधायला येण्याची आशा नाही. आता चार-चार जणांचे गट करा. तिथंच थांबायचं, की छोट्या होडीतून मदत आणायला जायचं? गेलं तर कुणी जायचं? गटाचं एकमत झालंच पाहिजे. प्रत्येक गटानं आपला निर्णय उभं राहून इंग्रजीत सांगायचा. मग खरं काय झालं ते वाचायचं. शॅकल्टनसह सहा जण सुमारे १,३०० किलोमीटर खवळलेला समुद्र ओलांडून साउथ जॉर्जिया बेटावर गेले. तिथं तिघांनी डोंगर-बर्फ तुडवत माणसांची वस्ती गाठली. बेटावर राहिलेल्या २२ जणांची ३० ऑगस्ट १९१६ ला सुटका झाली. एकही दगावला नाही. समुद्राच्या तळाशी गेलेलं ते जहाज मार्च २०२२ मध्ये सापडलं, तीन हजार मीटर खोल.

यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही. लागतो एक फळा, एक गोष्ट, आणि पोरांचं ऐकून घेणारा मास्तर किंवा ताई.

आपल्या अंगणातलं धाडस

शॅकल्टन लांबचा. आपल्या भागात काय कमी आहे? या पाच गोष्टी करून बघा.

एक, दिवाळीचा किल्ला. बेळगावात गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात, पोरं रात्र-रात्र जागतात. माहितीचा फलक मराठीत असतोच. त्याच्या शेजारी इंग्रजीत दहा ओळींचा फलक लावा. आणि बघायला येणाऱ्या पाहुण्याला एका पोरानं दोन मिनिटं इंग्रजीत किल्ला समजावून सांगायचा. बुरूज, माची, तटबंदी हे शब्द मराठीतच ठेवा.

दोन, सहलीचं नियोजन. राजहंसगड असो नाहीतर भीमगडाच्या बाजूचं रान. नकाशा, बसचं वेळापत्रक, पाणी किती, परवानगी कुणाची, परत कधी. हे सगळं नियोजन गटानं इंग्रजीत बोलून करायचं. प्रभूंचा प्रकल्प हाच होता.

तीन, कुस्तीचं समालोचन. मोबाईलवर एखादी कुस्ती लावा, आवाज बंद करा, आणि दोघांनी इंग्रजीत कॉमेंट्री करायची. धोबीपछाडला इंग्रजी शब्द शोधत बसू नका. धोबीपछाड म्हणजे धोबीपछाडच.

चार, आजोबांची गोष्ट. सीमालढ्यात सत्याग्रह केलेला, लाठ्या खाल्लेला, तुरुंगात गेलेला कुणीतरी आपल्या घरात किंवा गल्लीत असतोच. १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांच्या आठवणी सांगणारी माणसं आता फार थोडी उरलीत. त्यांचं बोलणं मराठीत रेकॉर्ड करा. मग तीच गोष्ट दहा साध्या इंग्रजी वाक्यांत सांगा. आपलं म्हणणं बाहेरच्यांना कळत नाही, अशी आपली तक्रार असते. त्यांना कळेल अशा भाषेत आपण ते कधी सांगितलं?

पाच, एक माहिती अर्ज. चौघांनी मिळून आपल्या गावच्या शाळेबद्दल इंग्रजीत एक अर्ज लिहा आणि खरोखर टाका. उत्तर येईल त्या दिवशी ते सगळ्यांनी बसून वाचा. कचेरीशी इंग्रजीत बोलण्याचं धाडस गडावर चढण्यापेक्षा लहान नाही.

पडायचं कसं, तेही शिकवा

धाडस म्हणजे आचरटपणा नव्हे. पावसाळ्यात धबधब्याच्या कडेला सेल्फी काढणारा धाडसी नसतो, त्याला धोका कळलेला नसतो एवढंच. जाणता ट्रेकर आधी दोर तपासतो. तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी मैदानात उतरवत नाहीत. आधी मऊ मातीत पडायची सवय करतात. इंग्रजीचंही तसंच करायला हवं.

गट लहान ठेवा, सात-आठ जणांचा. पहिले दोन महिने बाहेरचा प्रेक्षक नको, व्हिडिओ नको, स्टेटस नको. कुणी चुकल्यावर हसला, तर पुढचं वाक्य हसणाऱ्यानं बोलायचं. एवढा एकच नियम पुरे होतो. 'आज माझी पाळी नको' म्हणायचा हक्क प्रत्येकाला असूदे. सक्तीचा जाच काय असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको.

चुका दुरुस्त करायच्या की नाहीत? करायच्याच. नाहीतर त्या जिभेवर बसतात. पण दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाला गाठ कशी बांधावी हे कुणी शिकवत नाही. खाली उतरल्यावर शिकवतात. बोलणं संपूदे, मग तीनच चुका फळ्यावर लिहा, नाव न घेता.

आणि मराठी? हिमालयात चढणारे लोक दिवसा उंच जातात आणि झोपायला खाली येतात. त्याशिवाय विरळ हवेची सवय होत नाही. मराठी ही आपली ती खालची छावणी आहे. इंग्रजीच्या चढावर जायचं, दमलं की मराठीत परत यायचं, काय बघितलं ते आपल्या भाषेत समजून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी थोडं आणखी वर. ज्याची छावणीच मोडली तो वर टिकत नाही. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात घातलेली, घरी मराठी धड नाही आणि शाळेत इंग्रजी कळत नाही अशी लेकरं आपण बघतोच आहोत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबादच्या आपल्या बांधवांना तर ही छावणी घराच्या चार भिंतींत सांभाळावी लागते. तिथं शेजारपाजार आणि बाजार हिंदीचा, गुजरातीचा, तेलुगूचा. त्यांनी आजवर ती टिकवली, हे साधं काम नाही.

शेवटचं

शिक्षकांना विनंती आहे. तुमच्यावर परीक्षेचं ओझं आहे, कागदपत्रांचं ओझं आहे, आम्हाला दिसतं. तरी आठवड्यातला एक तास गोष्टीला द्या. त्या तासाला लाल पेन घरी ठेवा.

मंडळांना आणि वाचनालयांना विनंती आहे. गणपतीत आणि शिवजयंतीला तुम्ही लाखांचा मांडव उभा करता. त्यातला एक कोपरा वर्षभर शनिवारी संध्याकाळी उघडा ठेवा. चटई आणि फळा, बस्स.

आणि तुला, वाचणाऱ्या दोस्ता. शाळा काय करेल, सरकार काय करेल, याची वाट बघू नकोस. उद्या एक वाक्य चुकीचं बोल. मोठ्यानं बोल. ज्याला सांगायचंय त्याला ते कळलं का एवढंच बघ. परवा तेच वाक्य थोडं बरं बोल.

आमचा तो टेम्पोवाला मित्र आता दर शनिवारी आमच्यात बसतो. परवा त्यानं विचारलं, "त्या दिवशी 'यू फिनिश' म्हणालो ते चुकीचं होतं काय रे?" मार्कवाल्या मित्रानं त्याला बरोबर वाक्य सांगितलं, 'यू विल ड्राउन'. त्यानं ते दोन-तीनदा घोळून म्हटलं. मग म्हणाला, "आता हे तू म्हण. बाहेर जाऊन, मोठ्यानं."

तो गेला. रस्त्यावर उभं राहून मोठ्यानं म्हणाला. दोन म्हाताऱ्या थांबून बघायला लागल्या. आम्ही सगळे हसलो, आणि नियमाप्रमाणं पुढचं वाक्य आम्हाला बोलावं लागलं.

जय शिवराय! जय महाराष्ट्र!